माझा आमदार कोण?

रॉकव्हिल, मेरीलँड
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

नोव्हेंबरात मेढ्याच्या केंद्रावर मत देऊन आलात त्या दिवशी तुम्ही मला शाईचं बोट दाखवलंत आणि बोलता बोलता विचारलंत, "आमचा आमदार आम्हाला ठाऊक आहे. तुझा तिकडं कोण?" मी काहीतरी बोलून विषय बदलला. खरं म्हणजे मला ते माहीत नव्हतं. पंधराच दिवसांपूर्वी मी इथे अध्यक्षपदाचं मत देऊन आले होते, पण राज्याच्या विधिमंडळात माझ्या वतीने कोण बसतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही रागावून विचारलं नव्हतंत. तरी पासपोर्ट बदलल्याचं तुमच्या मनातलं दुखणं त्या प्रश्नात होतं, ते मला लागलं. तेव्हापासून तीन महिने वाचते आहे आणि राजधानीलाही दोनदा जाऊन आले. हे फोनवर सांगून होणार नाही, म्हणून पत्र.

अण्णा, मला एक नाही, चार आहेत.

मेरीलँडचे ४७ मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून वरच्या सभागृहात एक सेनेटर आणि खालच्या सभागृहात तीन डेलिगेट जातात. म्हणजे ४७ सेनेटर आणि १४१ डेलिगेट. मतदारसंघांना नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. आपल्या मतदारसंघालाही २६२ हा आकडा आहे, पण आपण सातारा म्हणतो. इथे माणसं सरळ "मी सतराची" म्हणतात. मी सतराची. रॉकव्हिल आणि शेजारचं गेदर्सबर्ग या दोन गावांचा बहुतेक भाग मिळून हा सतरा नंबर होतो. सध्या शेरिल केगन सेनेटर आहेत, आणि ज्युली पालाकोविच कार, रायन स्पीगल आणि जो व्होगेल हे तिघं डेलिगेट. २०२० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ६१,७७,२२४ भरली, म्हणजे एका मतदारसंघात साधारण १ लाख ३१ हजार माणसं. आपल्याकडे २०११ च्या गणनेने एका आमदारामागे तीन लाख नव्वद हजारांच्या आसपास येतात. इथला प्रतिनिधी गाठणं सोपं का, याचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे.

एका मतदारसंघात तीन माणसं ही पद्धत तुम्हाला अगदीच नवखी वाटणार नाही. पुण्यात धाकट्याने २०१७ ला चार नगरसेवकांच्या प्रभागात मतदान केलं, तेव्हा चार वेगळी बटणं दाबली होती. इथे तशा अ, ब, क, ड अशा जागा नसतात. सगळे उमेदवार एकाच यादीत, मतदाराने त्यांतल्या तिघांपर्यंत खुणा करायच्या, आणि सर्वांत जास्त मतं मिळालेले पहिले तीन निवडून आले. काही मतदारसंघांचे पोटभागही पाडलेले आहेत, सतराचे नाहीत. आपल्याकडेही १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत दोन-दोन जागांचे मतदारसंघ होते. बाबासाहेब १९५२ ला मुंबईत अशाच मतदारसंघातून उभे राहिले आणि काजरोळकरांकडून हरले, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

१९६४ पर्यंत मेरीलँडच्या सेनेटमध्ये २९ जागा होत्या. राज्यात २३ काउंट्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा), प्रत्येकीला एक सेनेटर, आणि बाल्टिमोर शहराला सहा. काउंटी लहान असो की मोठी, सेनेटर एकच. आमची माँटगोमेरी काउंटी वॉशिंग्टनला लागून आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्र सरकारची कचेरी वाढली तशी इथे वस्ती वाढली. १९५० ला १ लाख ६४ हजार माणसं होती, दहा वर्षांत ती ३ लाख ४० हजार झाली. आणि खाडीपलीकडे केंट नावाची काउंटी आहे, शेतीची आणि मासेमारीची, तिथे साडेपंधरा हजार. केंटला एक सेनेटर, माँटगोमेरीलाही एक. केंटमधल्या एका माणसाच्या मताला रॉकव्हिलमधल्या बावीस माणसांच्या मतांइतकं वजन होतं. बाल्टिमोर शहर आणि चार मोठ्या उपनगरी काउंट्या मिळून राज्यातली तीन चतुर्थांश माणसं राहत होती आणि त्यांच्याकडे २९ पैकी १० जागा होत्या.

हे आपण होऊन बदलणार नव्हतं. ज्यांच्या हातात जागा, त्यांनीच जागा सोडायचा कायदा कसा करावा? शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ जून १९६४ या एका दिवशी न्यायालयाने अलाबामासह अनेक राज्यांचे निकाल दिले, त्यांत मेरीलँडचाही होता. अलाबामाच्या निकालात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलं की विधिमंडळातले सदस्य माणसांचे प्रतिनिधी असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हेत. दोन्ही सभागृहं लोकसंख्येच्याच प्रमाणात हवीत, असा तो निकाल होता. पुढे राज्यघटना बदलली, ४७ मतदारसंघांची आताची रचना ठरली आणि १९७४ ला तिच्याप्रमाणे पहिली निवडणूक झाली. एकेकाळी एका सेनेटरवर भागवणाऱ्या माँटगोमेरीच्या वाट्याला आज आठेक मतदारसंघ येतात.

हे वाचून मला आधी आनंद झाला. किती न्याय्य! मग केंटचं काय झालं ते पाहिलं. केंट आता छत्तीस नंबरच्या मतदारसंघात आहे, शेजारच्या काउंट्यांबरोबर. तिचा स्वतःचा सेनेटर गेला. आणि मला आपली जावळी आठवली.

२००८ ची पुनर्रचना आली तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हता, आई सांगते. सातारा जिल्ह्यात दहा मतदारसंघ होते त्याचे आठ झाले, जावळी आणि खटाव गेले. २००१ च्या गणनेच्या आधारावर ते झालं, आणि जावळीची माणसं त्या गणनेत जावळीत कुठे होती? निम्मा तालुका मुंबईला. माथाडी म्हणून मशीद बंदरला पाठीवर पोती वाहणारे, तुर्भ्याच्या मार्केटमधले, गिरण्यांच्या संपानंतरही न परतलेले. त्यांची गणती तिकडे झाली. त्याआधी कोयनेच्या पाण्याने गावं उठवली, ती माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीला जाऊन वसली, त्यांचीही गणती तिकडेच. घर, देव, जत्रा जावळीत आणि आकडा दुसरीकडे. "माणसं मोजली आणि तालुका मोडला" असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात.

ज्या नियमाने रॉकव्हिलला आवाज दिला त्याच नियमाने केंटचा आणि जावळीचा घेतला. मी यावर बरेच दिवस विचार केला. नियम चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही, अण्णा. एका माणसाचं मत बावीस माणसांइतकं, हे मी कुठल्या तोंडाने बरोबर म्हणू? पण माणूस मोजायचा कुठे, हा प्रश्न नियमाआधीचा आहे, आणि तो आपल्याकडे कुणी धड विचारलाच नाही. मतदारसंघ मोठा केला तर त्यातल्या डोंगरी भागासाठी वेगळं काय करायचं, हेही नाही.

या राज्याने तो प्रश्न एकदा विचारला, आणि म्हणून मला त्याचं कौतुक आहे. इथे तुरुंग बहुतेक खेड्यापाड्यांच्या काउंट्यांत आहेत आणि कैदी मोठ्या संख्येने बाल्टिमोर शहरातले. जनगणना कैद्याला तुरुंगाच्या पत्त्यावर मोजते. म्हणजे ज्या गावाशी त्याचा काही संबंध नाही, जिथे त्याला मतही देता येत नाही, त्या गावाचं वजन त्याच्यामुळे वाढतं आणि त्याच्या स्वतःच्या मोहल्ल्याचं कमी होतं. २०१० ला मेरीलँडने कायदा केला की मतदारसंघ आखताना कैद्याला त्याच्या शेवटच्या घरच्या पत्त्यावर मोजायचं. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. त्याला आव्हान दिलं गेलं आणि २०१२ ला तो सर्वोच्च न्यायालयात टिकला. बाहेर गेलेल्या माणसाला त्याच्या घरी मोजणारा हा कायदा वाचताना मला आपल्या आळीतली बंद घरं दिसत होती.

आखणी कशी होते तेही सांगते, कारण ते सगळंच चांगलं नाही. आपल्याकडे स्वतंत्र आयोग असतो. इथे राज्यपाल (हे लोकांतून निवडून येतात, आपल्या मुख्यमंत्र्याचं काम यांचं) जनगणनेनंतर नकाशा करून विधिमंडळापुढे ठेवतात. पंचेचाळीस दिवसांत विधिमंडळाने दुसरा नकाशा केला नाही तर राज्यपालांचा नकाशा कायदा होतो. म्हणजे ज्यांना निवडून यायचं तेच कुंपण घालणार. मतदारसंघ सलग आणि आटोपशीर असावा, नैसर्गिक सीमा आणि काउंट्यांच्या हद्दी शक्यतो पाळाव्यात, असं घटनेत लिहिलं आहे. २००२ ला राज्यपालांचा नकाशा या कसोटीला उतरला नाही, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून स्वतः नवा नकाशा आखला. २०२२ ला पुन्हा वाद झाला आणि नकाशा चार विरुद्ध तीन मतांनी टिकला. खटल्यांपायी पक्षांतर्गत निवडणूक (पक्षाचा उमेदवार इथे मतदारच मत देऊन ठरवतात, ती) जूनमधून जुलैत गेली.

आणखी एक गोष्ट मला पटत नाही. जागा मध्येच रिकामी झाली तर इथे पोटनिवडणूक होत नाही. त्या पक्षाची स्थानिक समिती नाव सुचवते आणि राज्यपाल नेमणूक करतात. तुम्हालाही हे आवडायचं नाही.

आता एक नाव सांगते, ते वाचून मी उभीच राहिले. कुमार बर्वे. हो, बर्वेच! माझ्या या सतरा नंबरचे ते ३२ वर्षं डेलिगेट होते. न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी इथे १९५८ ला जन्मले, इकडे मेरीलँडमध्ये वाढले, हिशेबतपासनिसाचं शिक्षण घेतलं. १९९० ला निवडून आले, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेले पहिले भारतीय वंशाचे माणूस. दलीपसिंग सौंद १९५६ लाच कॅलिफोर्नियातून केंद्राच्या संसदेत गेले होते, पण राज्याच्या सभागृहात तोवर आपलं कुणी नव्हतं. बर्वे २००३ पासून बरीच वर्षं सभागृहात बहुमताच्या पक्षाचे नेते होते, नंतर पर्यावरण आणि वाहतूक समितीचे अध्यक्ष. २०१६ ला संसदेसाठी पक्षाची उमेदवारी मागितली, ती जेमी रास्किन यांना मिळाली. २०२२ ला ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

मला यात आडनावापेक्षा वेगळं काही महत्त्वाचं वाटतं. १९९० ला रॉकव्हिल-गेदर्सबर्गमध्ये आपली माणसं निवडून आणण्याइतकी नव्हतीच. त्यांना निवडून दिलं ते इतरांनी, आठ वेळा. आपल्याकडे उमेदवार ठरला की गावकी-भावकीची बेरीज पहिल्यांदा मांडतात. इथेही बेरजा होतात, वेगळ्या रंगांच्या होतात. तरी तीन जागांच्या यादीत लोक एक जागा आपल्याहून वेगळ्या माणसाला देऊ शकतात, आणि इथे ती त्यांनी दिली. आताच्या तिघांतले व्होगेल जन्माने उरुग्वेचे आहेत.

राजधानीचं गाव अ‍ॅनापोलिस, इथून तासाभराच्या वाटेवर. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं आणि नव्वद दिवसांत संपतं. विधानभवन १७७२ ला बांधायला घेतलं आणि १७७९ पासून वापरात आहे, वर लाकडी घुमट, लोखंडी खिळे न वापरता बांधलेला. १७८३ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी युद्ध जिंकल्यावर सेनापतिपदाचा राजीनामा दिला तो इथल्या जुन्या सभागृहात. पण मी जास्त वेळ बसले ते समितीच्या खोलीत. विधेयकावर सुनावणी असते आणि कुणीही नाव नोंदवून दोन-तीन मिनिटं बोलू शकतं. एक बसचालक बाई बोलल्या, मग वकील, मग शाळेतला मुलगा. समितीचे सदस्य ऐकत होते, मधूनच प्रश्न विचारत होते. पुढच्या वेळी मीही नाव नोंदवणार आहे. विषय ठरला आहे, आमच्या रस्त्यावरच्या बसचा.

या मतदारसंघासाठी मी अजून एकदाही मत दिलेलं नाही. सगळ्याच जागा चार वर्षांतून एकदा भरतात, पुढची वेळ २०२६. सतरामध्ये खरी लढत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत होते आणि तिथे त्या पक्षाकडे नोंद असलेल्यांनाच मत देता येतं. मी नोंदणीच्या वेळी पक्षाचा रकाना रिकामा सोडला होता, तो गेल्या आठवड्यात भरला.

आणि अण्णा, मतदान केंद्रावर काम करायलाही मी अर्ज केला आहे. इथे त्यांना इलेक्शन जज म्हणतात. पहाटे हजर राहायचं, यंत्रं लावायची, याद्या तपासायच्या, रात्री मोजदाद जुळवून मोहोर करायची. अर्ज भरताना मला तुमची खाकी पिशवी आठवली. बामणोलीहून लाँचने पलीकडच्या गावांना मतपेट्या न्यायचात, रात्री शाळेत पेटीजवळच झोपायचात. पाण्याला उतार नसला आणि लाँच उशिरा लागली तर पेटी कोण सांभाळायचं, मतं किती झाली ते तुम्ही कशावर लिहून ठेवायचात, आणि सहीला आलेला म्हातारा अंगठा उमटवताना थरथरला तर त्याचा हात तुम्ही धरायचात का, हे सगळं मला सविस्तर लिहून पाठवा. पोरांना वाचून दाखवायचं आहे.

आईच्या गुडघ्यांना तेल लावता ना? तिला साष्टांग नमस्कार. धाकट्याला आशीर्वाद, आणि त्याला म्हणावं तुमचं पत्र टंकून नको, हाताने लिहिलेल्याचाच फोटो पाठव.

तुमची,
थोरली