डाव्या हाताने लिहायचा ना तो?

प्रिय मैत्रिणी,

मैत्रीण म्हणायचा हक्क मला खरं तर नाही. शाळेची सगळी वर्षं एका वर्गात काढली, पण तुझ्याशी मी एक अख्खं वाक्य बोललो असेन तर शपथ. मुलांचे बाक एका बाजूला, मुलींचे दुसऱ्या, आणि मधल्या दोन हातांच्या वाटेत सगळा संकोच. म्हणूनच या वर्षी तुझा पहिला फोन आला तेव्हा मी 'तुम्ही'ने सुरुवात केली होती. 'तू'वर कधी आलो ते मला नेमकं आठवतंय. त्याबद्दलच लिहितोय.

हे तुला खासगीत लिहिता आलं असतं. उघड लिहितोय, कारण आपल्या बॅचमधल्या गेलेल्यांची आठवण ठेवायचं हेच काम तुझ्याआधी ज्यांनी करून दाखवलं होतं त्यांच्याही नजरेला पडावं अशी इच्छा आहे. तुझं नाव मात्र घालत नाही. घातलं तर पहिला फोन तुझाच येईल, आणि तो आभाराचा नसेल.

शाळा सोडून २५ वर्षं झाली म्हणून आपलं पहिलं गेट-टुगेदर झालं, त्याला तू नव्हतीस. मी होतो. कार्यक्रमपत्रिकेत सत्कार आणि गाण्यांच्या मध्ये 'दिवंगतांना श्रद्धांजली' असा पाच मिनिटांचा तुकडा होता. पडद्यावर नेटवरून उचललेली मेणबत्ती आणि खाली सहा नावं. त्यातला चौथा तिसऱ्या रांगेत बसला होता. तो उभा राहिला, हात वर केला आणि म्हणाला, "मी आहे अजून!" सभागृह खो खो हसलं. मीही हसलो. हसू आवरेपर्यंत उरलेल्या पाच जणांकडे कुणाचं लक्षच राहिलं नव्हतं. मग एक मिनिट स्तब्धता जाहीर झाली, ती वीसेक सेकंदांत आटोपली, कारण माइकवाल्याने मध्येच 'हॅलो, हॅलो, चेक' सुरू केलं. त्याला बिचाऱ्याला काय दोष द्यायचा, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

त्या सहांत माझा बाकावरचा सोबती नव्हताच. मी नंतर विचारलं, तर उत्तर मिळालं, "अरे, तो नववीत नापास झाला ना? शेवटच्या वर्षी आपल्यात नव्हता. मग आपल्या बॅचचा कसा?" दुसऱ्याने खांद्यावर हात ठेवून समजूत काढली, "आनंदाचा दिवस आहे, निगेटिव्ह कशाला बोलायचं." मी गप्प बसलो. त्या माणसांच्या मनात पाप नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. पण सहा नावं तपासायला सहा फोन लागतात, आणि तेवढे फोन कुणी केले नव्हते.

आता माझं. त्याची बातमी मला आठ महिन्यांनी कळली होती, तीही भलत्याच विषयावर बोलताना, "अरे, तुला माहीत नाही?" अशी. आठ महिने उशिरा कुणाच्या दारात जायचं आणि कोण म्हणून जायचं? 'आम्ही एका बाकावर बसायचो' हे काही नातं नव्हे. वर्गमित्र गेला म्हणून कुणाला रजा मिळत नाही, आपलं सांत्वन करायला कुणी येत नाही, आणि आपल्यालाच वाटत राहतं की आपण जास्त वाईट वाटून घेतलं तर ते नाटकी दिसेल. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाला एक नाव दिलं, मराठीत त्याचा अर्थ साधारण 'हक्क नाकारलेलं दुःख' असा होईल. हे वाचलं तेव्हा बरं वाटलं. पण नाव मिळालं म्हणून मी केलेली टाळाटाळ धुऊन निघत नाही. त्याच्या आईला मी आजवर तोंड दाखवलेलं नाही. कमिटीवर एवढं तोंडसुख घेतलं, तेव्हा हेही लिहायला हवं.

गेलेल्या सगळ्यांची एक वही करायचं हे काम तू का हाती घेतलंस ते तू कुणाला सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. कसं केलंस याच्या तपशिलातही जात नाही. फक्त एक गोष्ट नोंदवतो, कारण ती वाचून काहींना खाली बघावं लागेल. मागच्या यादीत एकही मुलगी नव्हती, आणि ते कुणाला खटकलं नव्हतं. जणू आपल्या वर्गातल्या मुलींना अमरत्व मिळालं होतं. लग्नानंतर आडनावं बदलली, त्या सापडेनाशा झाल्या, आणि सापडत नाही म्हणून त्यांची नावं 'संपर्कात नाही' या सदरात कायमची जाऊन बसली. तू त्या सदरातल्या तिघी शोधून काढल्यास. त्यातली एक जाऊन १९ वर्षं झाली होती. आपल्या ग्रुपमध्ये तिच्या नावाने 'कुणाकडे हिचा नंबर आहे का?' हा मेसेज दर दिवाळीसारखा नेमाने यायचा.

स्वतःच्या आठवणीवर तुझा अजिबात भरवसा नव्हता, हे मला फार आवडलं. आम्ही सगळे छातीठोकपणे सांगत होतो, "मला सगळी नावं पाठ आहेत." १९७५ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हॅरी बाह्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९२ जणांवर नेमका हाच प्रयोग केला होता. शाळा सोडून ३० वर्षं उलटल्यावरही लोक वर्गातल्या दहापैकी नऊ चेहऱ्यांचे फोटो बरोबर ओळखत होते. पण समोर काहीही न ठेवता वर्गातल्यांची नावं आठवून लिहा म्हटल्यावर त्याच लोकांची गाडी फार लवकर अडत होती. म्हणजे चेहरे आपल्याजवळ राहतात, नावं गळतात. आणि आपण नावांची यादी करायला निघालो होतो, आठवणीतून!

घरच्यांना विचारल्याशिवाय तू एकही नाव वहीत घेतलं नाहीस. एका घराने नको म्हटलं, तर का नको असंही विचारलं नाहीस. आणि त्या फेसबुकच्या खात्याचं प्रकरण. आपल्यातला एक जाऊन चार वर्षं झाली, तरी त्याच्या भिंतीवर दर वाढदिवसाला 'पार्टी कधी देतोस?' असं आपलेच लोक लिहीत होते. मला ते बघवत नव्हतं. २००९ पासून फेसबुकवर अशी खाती स्मरणार्थ ठेवायची सोय आहे, मग वाढदिवसाच्या सूचना बंद होतात. मी तुझ्या मागे लागलो की कळवून टाकू या. तू म्हणालीस, आधी त्याच्या मुलीला विचारते. मुलगी म्हणाली, "राहू द्या, काकू. त्या दिवशी बाबांचं नाव इतक्या लोकांना दिसतं, मला बरं वाटतं." मी परस्पर कळवून बसलो असतो तर? चांगलं करायला निघालेल्या माणसाइतका धोकादायक कुणी नसतो, हे मला त्या दिवशी स्वतःवरून कळलं.

आणि मग तो फोन.

रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. तू हवापाण्याचं काही न बोलता एकदम विचारलंस, "डाव्या हाताने लिहायचा ना तो? फळ्यावर लिहिताना पाहिल्यासारखं वाटतंय, पण खात्री नाही. खात्री नसेल तर मी लिहिणार नाही."

मला बोलता येईना.

माझ्या बाकावरच्या त्या सोबत्याचं नाव काढल्यावर इतक्या वर्षांत मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता: कसा गेला? त्याचं उत्तर मला धड माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. तो कसा लिहायचा, हे विचारणारी तू पहिली. त्या प्रश्नासरशी तो मेलेला माणूस राहिला नाही, बाकावर बसलेला मुलगा झाला. पहिल्या दिवशी तो माझ्या उजवीकडे बसला होता. माझा उजवा कोपर आणि त्याचा डावा, दोन्ही एकाच वेळी लिहायला लागले की धक्काबुक्की. माझ्या वहीत अक्षराला शेपूट फुटायचं, त्याच्या वहीत रेघ वर चढायची. दुसऱ्या दिवशी आम्ही जागा बदलल्या आणि भांडण मिटलं. दहात एखादा माणूस डावखुरा असतो म्हणतात, म्हणजे आपल्या वर्गात चार-पाच तरी असणार. मला तेवढा एकच आठवतो. शाईचं पेन असलं की लिहिलेल्यावरूनच हात पुढे सरकायचा, त्यामुळे त्याच्या तळहाताची करंगळीकडची कड कायम निळी. आणि शिरोरेषा तो उजवीकडून डावीकडे ओढायचा. आधी शब्द पूर्ण करायचा, मग पेन उचलून शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत एक सरळ रेघ. मी ते तासन्‌तास बघत बसायचो. मला तसं कधीच जमलं नाही.

हे सगळं मी तुला त्या फोनवर सांगितलं, पण लगेच नाही. आधी बराच वेळ नुसता गप्प होतो. तू "हॅलो? ऐकू येतंय का?" असं म्हणाली नाहीस. "रडू नकोस" म्हणाली नाहीस. "सावकाश सांग" एवढंसुद्धा नाही. तुझ्याकडे कुठेतरी पंखा कुरकुरत होता, तेवढा आवाज येत होता, म्हणून कळत होतं की फोन चालू आहे. त्या सभागृहात दोनशे माणसांना जे मिनिट जमलं नव्हतं ते तुला एकटीला जमलं, आणि ते नक्कीच एका मिनिटापेक्षा जास्त होतं. त्यानंतर मी बोललो ते 'तू' म्हणूनच.

माणुसकी म्हटलं की आपल्याला काहीतरी भव्य डोळ्यांसमोर येतं, पुरात उडी वगैरे. मला वाटतं ती बहुतेक वेळा अशीच असते, खात्री करून घेण्याच्या कंटाळवाण्या कामात. 'भावपूर्ण श्रद्धांजली' कॉपी करून चिकटवायला तीन सेकंद लागतात, जोडलेले हात पाठवायला एक. त्यात वाईट काही नाही, मीही पाठवतो. पण तुझ्या वहीत अकरा माणसं आहेत आणि प्रत्येकाची ओळ फक्त त्याचीच आहे. एकीची दुसरीला लावता येत नाही. 'मनमिळाऊ', 'हसतमुख' हे शब्द तू एकदाही वापरलेले नाहीत, मी मुद्दाम शोधून पाहिले. एका मुलीबद्दल तू लिहिलंयस की ती उत्तर येत नसतानाही हात वर करायची. वाचून मला ती दिसलीच, वर केलेला हात दुसऱ्या हाताने कोपरापाशी धरून.

यंदाच्या गेट-टुगेदरला तू ती वही दाराजवळच्या टेबलावर ठेवलीस. ना भाषण, ना मेणबत्ती. लोक येता-जाता थांबत होते, वाचत होते. मागच्या वेळी 'आपल्या बॅचचा कसा' विचारणारा तिथे बराच वेळ उभा होता. नववीत सुटलेल्या मुलाचं पान त्याने वाचलं की नाही ते मला दिसलं नाही. मी लांब होतो आणि मुद्दाम जवळ गेलो नाही.

तुझे आभार मानायचे तर शब्द तुझ्यासारखेच नेमके हवेत, आणि ते माझ्याकडे नाहीत. त्याच्या आईकडे येत्या रविवारी जातोय. तूच फोन करून विचारलंस, त्या 'ये' म्हणाल्या, त्यामुळे आता सबब उरलेली नाही. त्या पानाची एक प्रत हवी आहे, त्यांना द्यायला.

पण त्याआधी एक दुरुस्ती कर. तू लिहिलंयस की जागा बदलायची युक्ती माझी होती. फोनवर मी तसंच बोललो असेन. ती त्याची होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात आलो तेव्हा तो आधीच सरकून डावीकडे बसला होता, आणि माझं दप्तर ठेवायला उजवीकडची जागा हाताने पुसत होता.

तुझा,
त्याच्या उजवीकडे बसणारा