यंदा फॉर्म भरलेला नाही

सातारा, शाहूपुरी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

ऑनलाइन लिहिताना मुख्य गोष्ट पहिल्याच ओळींत सांगावी, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवू नये, असं कॉलेजात शिकले. म्हणून आधी तेच सांगते. एमपीएससीचा फॉर्म मी यंदा भरलेला नाही. इथे साताऱ्यात वेबसाइट करून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी कायमची रुजू झाले आहे. रविवारी वाईला आले होते ते हेच सांगायला. पण बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या तारखेचं बोलणं चाललं होतं आणि आईने गरम पोळी ताटात वाढली. विषय काढवला नाही.

मामा काय म्हणतील याचा घोर लावून घेऊ नका, मामांशी मी बोलेन. पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो, पीएफ कापतात, रात्रपाळी नाही. पुण्यात चार पैसे जास्त मिळाले असते हे खरं. पण साताऱ्याहून एसटीत बसलं की तासाभरात वाई येते आणि या वर्षी मला तेवढंच अंतर हवं होतं.

आई, बी.ए. करताना तो वेबसाइटचा जोडीचा कोर्स घेतला नसता तर पोरगी अभ्यासाला लागली असती, असं तुझ्या मनात आहे. बोलत नाहीस, पण कळतं. म्हणून तिथे काय शिकले ते आज नीट लिहिते.

बाबा, आजीच्या ओव्यांची ती फाइल. तुम्ही हौसेने छापखान्यात टाइप करून घेतली होती. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी. तुम्ही म्हणालात, गेलं सगळं. गेलं नव्हतं. जुन्या फॉंटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. तो फॉंट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये तसं होत नाही, तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. आपल्या ‘अ’चा ०९०५. मग तो वाईत टाइप करा नाहीतर टोकियोत वाचा, ‘अ’चा ‘अ’च राहतो. सगळ्या ओव्या मी कन्व्हर्टरमधून काढल्या आणि मग ओळ न ओळ तुमच्या निळ्या वहीशी ताडून पाहिली, कारण अशा वेळी रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. तुम्ही प्रुफांवर करायचात तशाच खुणा समासात करत गेले. तोच माझा प्रकल्प झाला.

त्या ओव्यांचं वेबसाइटवरचं पान मांडताना ओळींमधली जागा आधी इंग्रजीच्या हिशेबाने ठेवली होती. ‘कृष्णामाई’चा ऋकार खालच्या ओळीतल्या मात्रेला जाऊन भिडत होता. आपल्या अक्षरांना वरही जागा लागते आणि खालीही. ती सोडली तेव्हा पान मोकळं झालं. मग रंग. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं नाजूक दिसतात खरी, पण अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक निदान साडेचारास एक हवा असा नियम आहे. सर तो समजावून सांगत होते आणि मला पेपर खिडकीशी धरून वाचणारे तुम्ही दिसत होतात. तेव्हापासून मी फिकट अक्षरं ठेवत नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. ‘इथे क्लिक करा’ असंही लिहीत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन पानावरच्या लिंक वाचून दाखवतो. नुसतं ‘इथे, इथे’ ऐकून त्यांना काय कळणार? ‘जात्यावरच्या ओव्या वाचा’ असं लिहिलं की कळतं.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी आपल्या वाईत ते काम उभं केलं, हे तुम्ही मला त्या रस्त्याने नेताना कितीदा सांगितलंत. आज ते खंड फोनवर उघडतात. कुणीतरी बसून ती पानं चढवली, तपासली, म्हणूनच ना? हे काम आहे, बाबा. नाद नाही.

सध्या भिलारकडच्या एका स्ट्रॉबेरीवाल्या शेतकऱ्याचं पान करते आहे. गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं ते त्यांच्या बांधावर बसून लिहून घेतलं: आजचा माल आहे का, भाव काय, पुण्याला पोचवता का. ती उत्तरं सगळ्यात वर घातली. फोटो लहान केले, घाटात रेंज जाते म्हणून.

खोली चांगली आहे. सकाळी पाणी येतं, गीझर आहे. मालकीणबाई तळमजल्यावरच राहतात, अंगणात तुळस आहे. खानावळीत रात्री भाकरी मिळते, तुझ्यासारखी पातळ नाही, पण गरम असते. दुधाचा रतीब लावला आहे. तू दिलेली गोधडी पुरते. अजून लाइट गेली की माझ्या तोंडून आधी ‘आई’ निघतं आणि मग मी मोबाइलचा टॉर्च शोधते.

आता माझं ऐका. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी येते, रजा मंजूर झाली आहे. बाबांनी नंतर डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून बादली उचलायची नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत ढोल्या गणपतीला पहाटेची फेरी बंद, गणपती रागावणार नाही. थेंबांच्या वेळा मी मोठ्या, ठळक अक्षरांत छापून आणते, त्या फ्रिजवर लावायच्या. आई, बीपीची गोळी उपासालाही घ्यायची. आणि माळ्यावर चढायचं नाही. ती पेटी मी आल्यावर काढू, त्यात काय आहे ते आत्याला आत्ताच कळलं पाहिजे असं काही नाही.

फॉर्मचं वाईट वाटलं असेल, तर ते तसंच गिळू नका, फोनवर मला बोला. मी ऐकून घेईन. निर्णय मात्र झालेला आहे.

ओव्यांचं पान बाबांच्या फोनवर टाकून ठेवलं आहे. डोळा उघडेपर्यंत आईने वाचून दाखवावं. तिसऱ्या ओवीत आजी ‘पंढरी’ म्हणायची की ‘पंढरपूर’, हे वहीत पुसट झालं आहे. तेवढं आठवून कळवा.

तुमची,
चिमी