काका, तुम्ही तुमची गुंडी फिरवलीत

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आपल्या हौशी रेडिओच्या छंदातलं, पण उघडपणे लिहितोय. ज्या गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत ती तुम्ही स्वतःहून कुणाला सांगणार नाही, आणि त्या दिवशी ऐकणाऱ्या बहुतेकांना ती घडल्याचं कळलंही नसेल.

गेल्या रविवारी चाळीस मीटर बँडवरच्या (सात मेगाहर्ट्झच्या आसपास) सकाळच्या नेटमध्ये, म्हणजे तुम्ही चालवता त्या हवेवरच्या बैठकीत, परभणीकडचा एक नवा व्हीयू-३, म्हणजे नवखा परवानाधारक, चेक-इन झाला. घरी जुळवलेला बिटएक्स सेट, ताकद पाच वॅट, लिंबाच्या झाडाला बांधलेला डायपोल, म्हणजे तारेची अँटेना. आवाज बदकासारखा येत होता आणि प्रत्येक ओव्हरला, म्हणजे बोलायच्या पाळीला, फ्रिक्वेन्सीवर थोडा थोडा सरकत होता. तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. कॉलसाइन पूर्ण घेतलंत, नाव-गाव विचारलंत, आणि तो बोलत असताना तुमच्या सेटवरची आरआयटीची गुंडी फिरवून त्याच्या मागे मागे जात राहिलात.

हे कळलं कसं? तुमची स्वतःची फ्रिक्वेन्सी त्या सबंध वेळात तसूभर हलली नाही, तरी तुम्ही त्याचा शब्द न् शब्द घेत होतात. आरआयटीशिवाय हे होत नाही.

या छंदात नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. आरआयटी ही फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी थोडी मागेपुढे करणारी गुंडी. पाठवण्याची आहे तिथेच राहते. एकेरी पट्ट्यावर, म्हणजे एसएसबीवर, समोरचा ५० हर्ट्झ चुकला तर सहसा कळत नाही. दीडशे चुकला की आवाजाची जात बदलते: चाळीस मीटरवर आपण खालचा पट्टा वापरतो, त्यामुळे तो खाली सरकला तर चिरका आणि वर सरकला तर विहिरीतून आल्यासारखा खर्जात ऐकू येतो. तीनशेच्या पुढे शब्द लागणं अवघड.

आता नवख्याकडे बघा. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स रचला तो आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून, कमी पैशांत सेट उभा राहावा म्हणून. त्यांचे उपकार मानावे तितके थोडे. पण त्या जुन्या रचनेत आरआयटी नाही. एकच गुंडी, ऐकायलाही तीच आणि पाठवायलाही तीच. नेट कंट्रोलने, म्हणजे नेट चालवणाऱ्याने, तो आपल्याला नीट ऐकू यावा म्हणून स्वतःची मुख्य डायल हलवली, तर नेट कंट्रोलचं पाठवणंही हलतं. मग नवखा त्यांना ऐकायला आपली गुंडी फिरवतो, त्याचं पाठवणं पुन्हा हलतं. असे दोघे एकमेकांचा पाठलाग करत बँडवर घसरत जातात आणि शेवटी तिसऱ्याच कुणाच्या गप्पांवर जाऊन आदळतात. शिव्या खातो तो नवखा. हा पाठलाग थांबवणं ज्याच्याकडे दोन गुंड्या आहेत त्याच्याच हातात असतं. तुम्ही तो सुरूच होऊ दिला नाहीत.

याच मुलाला आधी काय काय ऐकावं लागलं होतं तेही लिहितो, नावं न घेता. एका ठिकाणी "आधी सेट नीट करा, मग या" असं सांगितलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी तो बोलत असताना कुणी तरी त्याच्या डोक्यावर कॅरिअर, म्हणजे नुसती आवाजाविना लहर, सोडून अँटेना ट्यून करत बसलं. तिसऱ्या ठिकाणी "फाइव्ह अँड नाइन, थँक यू" एवढ्यावर बोळवण झाली. (पहिला आकडा शब्द किती कळतात याचा, पाचपैकी; दुसरा सिग्नलच्या जोराचा, नऊपैकी.) माझ्या मते ही तिसरी वागणूक सर्वांत वाईट, कारण ती दिसायला सभ्य आहे. ज्याचा आवाज ओळखू येत नाही त्याला पाच-नऊ देणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला ठणठणीत आहेस म्हणून परत पाठवणं.

तुम्ही त्याला चार आणि तीन दिलेत. खरा रिपोर्ट. तोही आधी माणसाचं स्वागत करून, आणि दोष सांगितलात तो नेट संपून बाकीचे गेल्यावर. "खोलीत पंखा आहे का? तो बॉक्सवर लागतो का? सेट चालू करून किती वेळ झाला?" या तीन प्रश्नांत निम्मं निदान होतं. व्हीएफओ, म्हणजे सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग, सरकतो तो बहुधा तापमानाने. बाजारातले साधे सिरॅमिक डिस्क कपॅसिटर गरम झाले की त्यांची किंमत बदलते. तिथे एनपी-झिरो, म्हणजे तापूनही जवळपास न बदलणाऱ्या, जातीचेच लागतात. कॉइल फेराइटवर गुंडाळली असेल तर तीही तापून बदलते. तिच्याऐवजी पिवळा टी-५०-६ टोरॉइड (कड्यासारखा गाभा) घ्यायचा किंवा हवेतली कॉइल घट्ट बसवायची. व्हीएफओ पाठवणाऱ्या आयआरएफ ५१० ट्रान्झिस्टरच्या हीटसिंकपासून लांब, झाकणाच्या डबीत ठेवायचा. त्याला ७८०८ रेग्युलेटरवरून वेगळा पुरवठा द्यायचा, नाही तर बटण दाबताच बॅटरीचा व्होल्टेज बसतो आणि फ्रिक्वेन्सी त्याच्यासोबत. आणि नेटच्या अर्धा तास आधी सेट चालू करून ठेवायचा. पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, ४२ अंशांत स्थिर व्हीएफओ करून दाखवणं सोपं नाही. ज्यांनी कधी केला नाही तेच बहुधा हसतात.

चार आणि तीनमधला तीनही तुम्ही समजून घेतलात. डायपोलची एकूण लांबी १४३ ला ७.१ ने भागून, म्हणजे सुमारे २० मीटर, ती त्याने बरोबर काढली होती. पण तार पानांना घासत होती. शिवाय शेजारच्या सौर पंपाच्या कंट्रोलरची घरघर त्याच्या ऐकण्याच्या आड येत होती. (आपल्याकडे लोडशेडिंग झालं की बँड शांत होतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर बसणाऱ्याला तोच उत्तम वेळ.)

तुमच्याकडून शिकण्यासारखी आणखी एक सवय, प्रत्येक ओव्हरनंतरची तीन सेकंदांची जागा. पाच वॅटवाल्याला त्याच फटीतून आत येता येतं. आपत्तीतल्या माणसाला "ब्रेक" म्हणायलाही तीच फट लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, त्यानंतर हौशी रेडिओवाल्यांनी तिथून निरोप पोचवले, हे लातूर-धाराशिवच्या माणसांना वेगळं सांगायला नको. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओवाल्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये छंदासाठीच सेट लावून होत्या आणि अंदमानचे निरोप त्यांनी बाहेर पोचवले. त्या वेळी ज्यांनी बोलणं थांबवून कान दिला त्यांचीही ती सेवाच होती.

मध्येच बोलणाऱ्यांवर तुम्ही कधी चिडत नाही, त्यामागचं कारणही तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. उजाडायच्या आधी आयनोस्फिअरचा, म्हणजे रेडिओ लहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या भागाचा, वरचा थर रात्रभरात विरळ झालेला असतो. सात मेगाहर्ट्झची लहर सरळ वर गेली तर परत येत नाही, तिरपी गेलेलीच दूरवर उतरते. त्यामुळे परभणीला नांदेड ऐकू येत नाही आणि केरळ खणखणीत येतं. आपण ज्याला उद्धट म्हणतो त्याच्या कानात त्या वेळी मोकळी फ्रिक्वेन्सीच असते. सूर्य वर आला की तेच दोघे एकमेकांना स्वच्छ ऐकतात. हे माहीत असलेला माणूस "कोण मध्ये बोलतंय?" असं ओरडत नाही. तो म्हणतो, "दोन स्टेशन एकदम आली, परभणी आधी." तुम्ही असंच म्हणता.

चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं असा आपल्याकडे समज आहे. तुमचं बोलणं तर मोजकंच असतं. पण समोरच्याची अडचण त्याच्या सेटमध्ये आहे की त्याच्या वागण्यात, हे ओळखायला ज्ञान लागतं, आणि ते ज्ञान त्याला खाली बघायला न लावता वापरायला मोठं मन लागतं. तुमच्याकडे दोन्ही आहे. त्याबद्दल मनापासून, अगदी मनापासून आभार.

त्या मुलाने चारही कपॅसिटर बदलले आहेत, डबीला झाकण बसलंय, पंख्याची दिशा फिरवली आहे. अर्ध्या तासात सरकणं वीस हर्ट्झच्या आत आलंय. तार पानांपासून हातभर दूर ओढली आहे. येत्या रविवारी तो पुन्हा येईल. तेवढी आरआयटी शून्यावर ठेवून ऐका.

सेव्हन्टी थ्री (आमच्या भाषेत शुभेच्छा), काका.

तुमचा,
चाळीस मीटरवरचा एक ऐकणारा