आजीच्या लक्ष्मीची तसबीर वाचवणाऱ्या काकांस अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

कोल्हापुरातील तुमच्या तसबिरींना चौकटी बसवण्याच्या दुकानातून आमच्या आजीची लक्ष्मीची तसबीर आम्ही रत्नागिरीजवळच्या घरी आणली, त्यानंतर दोन पावसाळे उलटून गेले. दुसऱ्या पावसाळ्याचे पाणी सरेपर्यंत थांबून मगच तुम्हाला लिहायचे, असे मी तेव्हाच मनाशी ठरवले होते, कारण तुमच्या कामाची खरी परीक्षा आमच्या जांभ्याच्या भिंतींत मुरणारी ओल घेणार होती. काचेच्या आत आज बाष्पाचा एक थेंब नाही, कागदाला बुरशी नाही, आणि लक्ष्मीच्या लुगड्याची जर जागच्या जागी आहे. हे पत्र अनावृत लिहिते आहे, कारण अशा छापील तसबिरी अजूनही अनेक घरांत आहेत आणि तुम्ही मला जे समजावून सांगितलेत ते त्या घरांनाही कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा काय मागितले होते, ते येथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. जुनी सागवानी चौकट काळी पडली होती, म्हणून ती टाकून द्यावी. तिच्याऐवजी सोनेरी नक्षीची फायबरची तयार चौकट बसवावी. आणि चित्र त्या तयार मापात मावत नसेल तर कडेचा पिवळा पडलेला कागद कापून टाकावा, एवढे माझे म्हणणे होते. तुम्ही चित्र टेबलावर पालथे ठेवून मागचे खिळे एकेक करून काढलेत, चौकटीच्या ओठाखाली इतकी वर्षे झाकलेली खालची कड उजेडात धरलीत आणि तिच्यावरची बारीक इंग्रजी अक्षरे मला वाचायला लावलीत. तेथे रविवर्मा प्रेसचे नाव होते आणि पुढे कार्ला-लोणावळा असा पत्ता होता. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि 1899 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीस हलला. म्हणजे आमची लक्ष्मी त्या स्थलांतरानंतर छापलेली आहे, हे तुम्ही त्या एका ओळीवरून सांगितलेत. जी कड मी कचरा म्हणून कापायला सांगत होते, तीच त्या चित्राची जन्मखूण होती. तुम्ही कात्री उचलली नाहीत आणि "कड कापायची असेल तर हे काम माझ्याकडून होणार नाही," असे शांतपणे सांगितलेत, त्यासाठी मी तुमची सर्वांत आधी ऋणी आहे.

चित्राच्या पाठीची अवस्था पाहून मला रडू आवरले नव्हते. अनेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी ही तसबीर दुरुस्त करून घेतली होती, आणि तेथे तिच्या मागे साधा प्लायवूड लावून चारही कडा चिकटपट्टीने आवळल्या होत्या. त्या लाकडातील आम्लाने कागदावर गाठींचे तपकिरी ठसे उमटवले होते, चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरून तेलकट डाग झाले होते, आणि चारही बाजूंनी जखडलेला कागद दर पावसाळ्यात फुगून मध्येच उचलला गेल्यामुळे त्याला कायमच्या लाटा पडल्या होत्या. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते तेव्हा आपण त्याला दोष देत नाही, ते लाकूड फुगणारच असे आपण धरून चालतो. कागदाचेही तसेच आहे, त्याला हलायला जागा ठेवली पाहिजे, हे तुमचे वाक्य माझ्या मनात पक्के बसले आहे. ते डाग काढून द्या असा आग्रह मी धरला, तेव्हा "हे माझे काम नव्हे, कागदाच्या संवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या माणसाचे आहे," असे सांगून तुम्ही मला मुंबईस पाठवलेत आणि मिळणारे काम तीन महिने लांबणीवर टाकलेत. आपल्या कौशल्याची सीमा इतक्या प्रामाणिकपणे सांगणारा कारागीर मला यापूर्वी भेटला नव्हता.

चित्र परत आल्यावर काच निवडण्यात आपला सगळा एक दुपारचा वेळ गेला. आमच्या आजीने, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे, छापील लक्ष्मीच्या लुगड्यावर खऱ्या जरीचे कापड आणि टिकल्या लावल्या होत्या. जुन्या चौकटीत काच थेट त्या टिकल्यांवर टेकली होती आणि जेथे चित्रावरचे वॉर्निश काचेला लागले होते तेथे ओलाव्याने ते चिकटून एक लहानसा तुकडा सोलून निघाला होता. वजनाला हलकी म्हणून मी ॲक्रिलिकची काच सुचवली, तर तुम्ही तिचा एक तुकडा सुती फडक्याने घासून टेबलावरच्या धाग्यांजवळ धरलात आणि धागे उडून तिला चिकटलेले दाखवलेत. सुटत आलेली जर आणि सैल टिकल्या तिने अशाच ओढून घेतल्या असत्या. साधी काच अतिनील किरणांपैकी काही भागच अडवते, आणि संग्रहालयाच्या दर्जाची काच त्यांतील जवळजवळ 99 टक्के अडवते, हे सांगतानाच तुम्ही हेही बजावलेत की कोणतीही काच डोळ्यांना दिसणारा उजेड अडवत नाही आणि त्या उजेडानेही रंग उडतातच. म्हणून महागडी काच लावली तरी तसबीर खिडकीसमोर टांगायची मुभा मिळत नाही. संग्रहालये कागदावरील चित्रांसाठी साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) एवढाच मंद प्रकाश का ठेवतात, हे मला त्या दिवशी प्रथमच उमजले.

सोनेरी चौकटीवर मी जो खर्च करायला निघाले होते, तो तुम्ही माझ्या डोळ्यांना कधी दिसणारही नाही अशा गोष्टींकडे वळवलात. चित्रामागे आणि, चित्र दिसण्यापुरती खिडकी कापून, चित्राभोवती आम्लरहित, कापसाच्या तंतूंचे बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठे, आले. स्वस्त बोर्डाच्या तिरक्या कापावर काही वर्षांत तपकिरी रेघ का उमटते आणि तीच रेघ पुढे चित्रावर कशी उतरते, हे तुम्ही दुकानात आलेली एक जुनी तसबीर उघडून दाखवलेत. बोर्डाच्या खिडकीखाली, बाहेरून दिसणार नाहीत अशा, अंतर राखणाऱ्या पट्ट्या बसवून तुम्ही टिकल्या आणि काच यांच्यामध्ये हवेची पोकळी ठेवलीत. आणि ज्या सागवानी चौकटीला मी टाकाऊ म्हटले होते, तिची खाच उथळ पडत होती म्हणून तिच्या मागच्या बाजूने सागाच्याच पट्ट्या जोडून तुम्ही तिची खोली वाढवलीत, आणि लाकडाचे आम्ल बोर्डापर्यंत पोहोचू नये यासाठी खाचेला आतून धातूच्या वर्खाची पट्टी लावलीत. आजोबांनी स्वतः निवडलेली ती चौकट आज पुन्हा आमच्या भिंतीवर आहे.

परंतु मला सर्वांत अधिक भावली ती तुमची खळ. चित्र बोर्डावर पूर्ण चिकटवायचे नसते, ते वरच्या कडेला केवळ दोन बिजागऱ्यांवर टांगायचे असते, आणि त्या बिजागऱ्या पातळ, चिवट जपानी कागदाच्या असतात, हे ऐकून मी चकित झाले होते. मग तुम्ही गव्हाच्या सत्त्वाची खळ मंद आचेवर ढवळत शिजवायला घेतलीत, आणि तो रंग, ती चकाकी, चमच्यावरून सुटणारी ती धार पाहून मला आमच्या अंगणातील कुरडयांचा चीक आठवला. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, तो तुम्ही कटाक्षाने टाळलात, कारण त्यातील तांबे कागदाचा क्षय लवकर घडवते. ही खळ उद्या नुसत्या पाण्याने सुटेल, असे तुम्ही सांगितलेत, आणि मला ते प्रथम कमकुवतपणाचे लक्षण वाटले होते. पुढे कोणाला अधिक चांगला उपाय सापडला तर त्याला आपले काम चित्राला इजा न करता काढून टाकता आले पाहिजे, हा तुमच्या सगळ्या निवडींमागचा विचार होता, हे माझ्या नंतर लक्षात आले. ज्याने पूर्वी चिकटपट्टी लावली, त्याने हाच एक विचार केला नव्हता.

घरी आल्यावर तुम्ही सांगितलेले सर्व पाळले आहे. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाते, म्हणून तसबीर माजघरातील आतल्या भिंतीवर लावली. तिच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे तुम्ही दिलेले बुचाचे तुकडे आहेत आणि त्यांमुळे भिंत व पाठ यांच्यामधून हवा खेळते. समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर पोहोचणार नाही एवढे अंतर राखले आहे. आई प्रथम थोडी नाराज होती, कारण लक्ष्मीपूजनाला काचेवर हळदकुंकू वाहायची आमच्या घरची रीत होती. पण आता तसबिरीखालच्या फळीवर तांब्याचे तबक ठेवतो आणि हळदकुंकू त्यातच वाहतो, आणि यंदा ते तबक तिने स्वतःच घासून मांडले. काचेवर पाणी फवारल्यास ते कडेने आत झिरपते हे मी घरात सर्वांना सांगून ठेवले आहे, आणि काच पुसायचे काम कोरड्या मऊ फडक्याने मीच करते.

चौकटीच्या पाठीवर तुम्ही स्वतःच्या अक्षरात जो कागद लावून दिलात, त्यावर बोर्ड, काच, बिजागऱ्या, खळ आणि काम पूर्ण केल्याची तारीख असे सर्व नोंदलेले आहे. तो आमच्या घरातील एक महत्त्वाचा दस्तऐवज झाला असून गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीने तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. तिच्याकडे त्याच छापखान्याची सरस्वती आहे. मागे प्लायवूड आहे, काच चित्राला टेकलेली आहे, आणि कोपऱ्यात कसरीने कागद खाल्लेला दिसतो. तिने ती स्वतः उघडू नये आणि कडेला कात्री मुळीच लावू नये, असे मी तिला निक्षून सांगितले आहे. तुळशीचे लग्न झाले की आम्ही दोघी ती सरस्वती घेऊन तुमच्याकडे येऊ. तोवर तिला भिंतीवरून उतरवून, कोरड्या खोलीत, आडवी ठेवली आहे.

तुमची कृतज्ञ,
लक्ष्मीच्या तसबिरीवाली रत्नागिरीकडील पुतणी