डोळे मिटा म्हणायच्या आधी एकदा विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून लागला की तुमच्या पेपरात दोन बातम्या हमखास येतात, एक 21 जूनच्या योग दिनाची आणि दुसरी पंचगंगेच्या पातळीची. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला 2019 पर्यंत कधी वाटलं नव्हतं, आता वाटतं, म्हणून हे पत्र. जरा मोठं झालंय, छापताना कापावं लागलं तर माझ्याबद्दलचं कापा पण क्लासमध्ये काय करायचं ते तेवढं राहू द्या.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं योगाचे क्लास घेते. सकाळी बायकांची बॅच, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 43 आहे हे आता इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. शिरोलीजवळ हायवे बंद, निम्म्या गावात लाईट नाही, सगळीकडे पाणी पण नळाला थेंब नाही, आणि चिखली आंबेवाडीकडची माणसं माडीवर नाहीतर गच्चीवर अडकलेली. मग पाणी ओसरलं, चिखल काढला, पंचनामे झाले, आणि दिवाळीनंतर त्या भागातल्या एक वहिनी माझ्या क्लासला यायला लागल्या. नाव लिहीत नाही. चाळिशीच्या, हसतमुख, आसनं पण छान करायच्या. चौथ्या का पाचव्या दिवशी शेवटी शवासन होतं, मी नेहमीसारखी लाईट घालवली, दार लावून घेतलं, 'डोळे मिटा, अंग सैल सोडा, श्वासाकडे लक्ष द्या' चालू केलं, वहिनींचे खांदे आखडलेले दिसले म्हणून डोक्याकडच्या बाजूनं जाऊन हलकेच दाबले, आम्ही सगळेच असं करतो, आणि त्या ताडकन उठल्या, अंगाला नुसतं कापरं भरलेलं, चप्पलसुद्धा न घालता जिना उतरून गेल्या. मी मागं पळत गेले आणि काय म्हणाले तर 'अहो काही होत नाही, मन शांत ठेवा'. ते वाक्य आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

दोन महिने त्या आल्या नाहीत. नंतर मंडईत भेटल्या, मी माफी मागितली, तेव्हा भाजीची पिशवी हातात धरून उभ्या उभ्या एवढंच बोलल्या, "मॅडम, डोळं झाकलं की पाणीच दिसतंय बघा. अंधारात दोन रात्री काढल्या, खाली गोठ्यात म्हशी वरडत हुत्या, दावं सोडायला बी कुणाला जाता आलं न्हाई. मग बोटवाल्यांनी मागनं खांद्याला धरूनच वर वढलं. तुम्ही हात लावला आणि सगळं परत आलं."

त्या बोटवाल्या पोरांनी त्यांचा जीव वाचवला, हे त्यांना माहीत आहे, त्या त्यांना दुवा देतात. पण अंगाला ते वेगळंच लक्षात राहिलंय. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नव्हतं, म्हणून मी वाचायला लागले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारायला लागले, आणि मग कळलं की यावर बाहेर बरंच काम झालंय, त्याला ट्रॉमा-इन्फॉर्म्ड योगा म्हणतात, म्हणजे समोरच्या माणसानं काहीतरी भयंकर सोसलेलं असू शकतं हे धरून चालून शिकवलेला योग. अमेरिकेत बॉस्टनजवळ ब्रुकलाईनच्या ट्रॉमा सेंटरमध्ये डेव्हिड इमर्सन नावाचे योगशिक्षक आणि बेसेल व्हॅन डर कोल्क हे मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून त्याची एक पद्धत बसवली.

त्यामागचं कारण तसं सोपं आहे. जीवावर बेततं तेव्हा शरीर विचार करत बसत नाही, छाती धडधडते, श्वास वर चढतो, हातापायात रक्त धावतं, पळायला नाहीतर झुंजायला तयार. संकट गेलं की हे सगळं खाली यायला पाहिजे, काही माणसांचं येत नाही. मग चिखलाचा वास, पत्र्यावरचा पाऊस, लाईट जाणं, कुणीतरी पाठीमागनं धरणं, एवढ्यानं शरीर परत त्या रात्रीत जातं. मनाला कळत असतं की आपण घरात आहोत, अंगाला ते पटत नाही. आपल्याकडे म्हातारी माणसं 'धसका घेतलाय' म्हणतात ना, ते फार नेमकं आहे, धसका अंगात बसतो. म्हणून नुसतं समजावून तो जात नाही, आणि म्हणूनच अंगाच्या वाटेनं गेलेला योग उपयोगी पडू शकतो, पण तोच योग आंधळेपणानं दिला तर त्रासही होतो, माझ्या हातून झाला तसा.

मग मी काय काय बदललं ते सांगते, कारण हेच मला बाकीच्या शिक्षकांपर्यंत पोचवायचं आहे. पहिलं म्हणजे हात लावणं पूर्ण बंद. आसन थोडं चुकलं तर चुकू दे, मी समोर उभी राहून करून दाखवते. दुसरं म्हणजे बोलणं, आमची सगळी भाषा हुकमाची असते, 'वाका, धरून ठेवा, सोडू नका', त्याऐवजी 'जमत असेल तर वाकून बघा, नको वाटलं तर सरळ उभं राहा, दोन्ही चालतंय' असं बोलायला लागले, सुरुवातीला जिभेला फार जड गेलं. डोळे मिटायची सक्ती नाही, समोर जमिनीवर एखाद्या फरशीवर नजर ठेवली तरी चालते. लाईट चालू, दार उघडं, ज्याला दाराजवळ बसायचंय त्यानं दाराजवळ बसावं, मधेच उठून बाहेर जावंसं वाटलं तर जावं, कुणी काही विचारणार नाही. पुढं काय करणार ते आधीच सांगायचं, किती श्वास ते पण सांगायचं, कारण ज्यानं पाण्यात अडकून 'आता काय होणार' म्हणत रात्र काढलीय त्याला पुढचं माहीत असणं हाच मोठा आधार असतो.

श्वासाचं तर फारच जपून. पुष्कळ जणांना वाटतं प्राणायाम म्हणजे शांती, पण कपालभाती, भस्त्रिका जोरात केली की छाती धडधडते आणि घाबरल्यावर होते तीच धडधड ती, अंगाला फरक कसा कळणार, आणि श्वास कोंडून धरणं म्हणजे बुडता बुडता वाचलेल्या माणसाला परत पाण्यात घालण्यासारखं. म्हणून अशा लोकांना कुंभक मी देतच नाही. नुसता श्वास सोडताना थोडा लांबवायचा, जमेल तेवढाच. भ्रामरी चालते, पण कान डोळे बोटांनी बंद न करता, उघड्या डोळ्यांनी गुणगुणत. आणि तळपाय. खुर्चीवर बसून तळपाय जमिनीला टेकलेत का, गार लागतंय का, टाच जड वाटतेय का बोटं, एवढंच बघायचं. ऐकायला काहीच वाटत नाही पण ज्या बाईला सहा महिने स्वतःच्या अंगात काय चाललंय ते बघायचीच भीती वाटत होती तिला हे पहिल्यांदा जमतं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दिसतं हो. हळूहळू तिला कळायला लागतं की जिना चढल्यावरची धडधड वेगळी आणि भीतीची वेगळी.

आणि एक, काय झालं होतं ते क्लासमध्ये कुणालाही सांगायला लावायचं नाही. बोलायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

काही ज्येष्ठ शिक्षक मला म्हणाले की हे लाड आहेत, योगात शिस्त पाहिजे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे पण पतंजलींनी आसनाची व्याख्या 'स्थिरसुखमासनम्' अशी केलीय, त्यात स्थिर आहे तसं सुख पण आहे, आणि समोरच्याला कशात सुख वाटतंय हे त्याला विचारल्याशिवाय मला कसं कळणार? आपल्या पुण्यात अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, लोड, दोऱ्या वापरून आजारी माणसांकडून आसनं करून घेतली, त्याला कुणी लाड म्हटलं नाही. गुडघा दुखणाऱ्याला आपण वज्रासनात बसवत नाही, मग धसका घेतलेल्याला अंधारात डोळे मिटून का निजवायचं.

पुरावा विचाराल तर 2014 साली त्या ब्रुकलाईनच्या मंडळींचा अभ्यास छापून आला, जुना ट्रॉमा असलेल्या आणि नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या 64 बायका, निम्म्यांना 10 आठवडे आठवड्यातून एक तास असा योग आणि निम्म्यांना आरोग्याची माहिती देणारे वर्ग. शेवटी तपासणी झालेल्यांत योगाच्या गटातल्या 31 पैकी 16 जणींना पीटीएसडीचं, म्हणजे डॉक्टरी भाषेत अशा धसक्याच्या आजाराचं, निदान लागू होईना, दुसऱ्या गटात 29 पैकी 6 जणींना. हा योग उपचारांच्या जोडीनं होता, उपचार सोडून नव्हे. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे 2008 च्या बिहारच्या पुरानंतर तिथल्या पूरग्रस्तांवर झालेला अभ्यास, फक्त 22 माणसं आणि एकच आठवडा रोज तासभर योग, त्यात योग केलेल्यांची उदासी कमी झाली आणि न केलेल्यांची काळजी उलट वाढली. लहान अभ्यास आहे, त्यावरून लगेच ढोल वाजवू नयेत, पण पूर आपल्यासारखाच आणि माणसं पण आपल्यासारखीच. म्हणून मी हेही ठामपणे सांगते की झोप उडालीय, जीव नकोसा वाटतोय अशा माणसाला योगशिक्षकानं आपल्याकडे धरून ठेवू नये, डॉक्टरकडे पाठवावं, चालू गोळ्या बंद करायला तर अजिबात सांगू नये.

बायका निदान क्लासला येतात, एकमेकींशी बोलतात तरी. गडी माणसांचं काय? 2019 ला आणि परत 2021 ला, त्या वेळी तर पाणी 56 फुटांच्याही वर गेलं होतं, तालीम मंडळांची पोरं गळ्याएवढ्या पाण्यात उतरली, म्हाताऱ्यांना पाठीवरनं काढलं, फुगलेली जनावरं ओढली. त्यांचे सत्कार झाले, नारळ शाल मिळाली, पण रात्री झोप लागते का हे विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा, चांगला बैठका मारणारा, पाऊस सुरू झाला की रात्रभर दारात बसून असतो, घरचे म्हणतात मोबाईल बघतोय. ही पोरं 'योगा'ला येणार नाहीत पण तालमीत येतात, तिथं लाल मातीत कसरत झाल्यावर शेवटी दहा मिनिटं वस्तादांनीच पाय जमिनीला, श्वास लांब, असं करून घेतलं तर त्यांना ते परकं वाटणार नाही असं माझं मत आहे.

आता मागणं. पावसाळ्याआधी बोटी बघतात, लाईफ जॅकेट मोजतात, निवारा केंद्रांच्या याद्या होतात, चांगलंच आहे. त्याच यादीत पूरपट्ट्यातल्या योगशिक्षकांना, अंगणवाडी ताईंना, आशा ताईंना दोन दिवसांचं असं प्रशिक्षण जिल्हा प्रशासनानं आणि महापालिकेनं घालावं, सोबत मानसोपचारतज्ज्ञ असावेत, म्हणजे कुणाला पुढं पाठवायचं ते कळेल. पैसा फार लागत नाही, हॉल आहेत, माणसं आहेत, मी आणि माझ्या दोन मैत्रिणी एक रुपया न घेता यायला तयार आहोत. आणि योग दिनाला मैदानावर शेकडो लोकांना एकदम 'डोळे मिटा' म्हणणाऱ्या निवेदकांनी पुढं 'नको वाटलं तर उघडे ठेवा' एवढे पाच शब्द जोडावेत.

त्या वहिनी परत येतात, दाराजवळ बसतात. अजून डोळे मिटत नाहीत, मीही म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे चाललं होतं तेव्हा रात्री त्यांचा फोन आला, "मॅडम, पाय टेकून बसलीय, जरा वेळ बोला." अर्धा तास बोललो, जास्त करून म्हशींबद्दल.

सगळ्यांकडे असा एखादा नंबर नसतो म्हणून तुमच्याकडेही एक विनंती आहे. पावसाळ्यात तुम्ही रोज पहिल्या पानावर बंधाऱ्याची पातळी चौकटीत छापता, त्याच चौकटीत खाली सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा नंबर छापाल का? चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि ज्यांना त्याची गरज आहे ती माणसं ती चौकट दिवसातनं दहा वेळा बघत असतात.

आपली,
एक योगशिक्षिका,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर