डॉक्टर, तुम्ही खुर्ची हिच्याकडे वळवलीत

डॉक्टर,

नाव लिहीत नाही. विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असतात. ओळख पटायला एवढं पुरे: अंडाशयाच्या कॅन्सरची ती पेशंट, निळी स्वेटर आणि कायम कोथरूडच्या ट्रॅफिकवर चिडलेली. तिचा नवरा मी, वहीवाला.

त्या वहीपासूनच सुरुवात करतो. भोसरीच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. माल नापास झाला की आधी दोष कुठे राहिला ते शोधायचं, ही सवय हाडात मुरलेली. हिच्या सीए-१२५चा, म्हणजे या कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तात मोजतात त्या आकड्याचा, आलेख काढला तो त्याच सवयीने. दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायचं आणि आलेख कागदावर टिंब मांडायचं. ११४० वरून आकडा २२ वर आला तेव्हा मी आख्ख्या सोसायटीला पेढे वाटले. शेवटच्या केमोनंतर तो २६ झाला आणि माझी झोप उडाली.

हिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिसरी स्टेज हेसुद्धा नाही. ‘पोटात गाठ होती, काढली, आता औषध चालू आहे’ एवढीच तिची माहिती. ठरवलं मी, आणि सगळ्यांनी साथ दिली. पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतंय, सारखी लघवीला लागते, असं ती आठ महिने सांगत होती तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात ॲसिडिटीच्या गोळ्याच मिळत राहिल्या. सोनोग्राफी कुणाला सुचली नाही. पोटात पाणी झालं तेव्हा सुचली. पुढे एका मोठ्या डॉक्टरांनी तर ती समोर बसलेली असताना मला सांगितलं, ‘यांना जरा बाहेर बसवा.’ ‘परत येईल का?’ या माझ्या प्रश्नाला त्यांच्याकडे दोन शब्दांचं उत्तर होतं: पॉझिटिव्ह राहा. फी मात्र पूर्ण घेतली.

तुमच्या ओपीडीतही मी त्याच तयारीने आलो होतो. हिला बाहेर बसवायचं, आत वही उघडायची. तुम्ही वही घेतलीत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलीत (एवढी तर माझ्या साहेबांनीही कधी पाहिली नव्हती), आणि म्हणालात, ‘काकूंना आत बोलवा.’ मग खुर्ची माझ्याकडून तिच्याकडे वळवलीत. वही तिच्या मांडीवर ठेवलीत. विचारलंत, ‘काकू, तुम्हाला किती सांगू? थोडं, की सगळं?’

आठ महिने तक्रारी आणि सहा महिने उपचार, एवढ्या काळात तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या ‘कुणीच’मध्ये मीही येतो.

ही म्हणाली, ‘सगळं सांगा. वीस वर्षं भिशी चालवलीय मी. हिशेब मला कळतो.’

आणि तुम्ही सांगितलंत. तिसऱ्या स्टेजला सापडलेला हा आजार दहापैकी सात-आठ जणींना परत गाठतो, आणि बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत. ऑपरेशनमध्ये डोळ्यांना दिसेल असं काहीच मागे राहिलं नसेल तर सगळ्यात बरं. हिच्या पोटाच्या पडद्यापाशी सेंटिमीटरपेक्षा लहान काहीतरी राहिलं होतं, तेही तुम्ही दडवलं नाहीत. पेशींचा प्रकार आक्रमक आहे, पण अशाच पेशी केमोला चांगला प्रतिसाद देतात. कार्बोप्लॅटिन, म्हणजे केमोचं औषध, संपल्यावर पहिले सहा महिने महत्त्वाचे. त्या आत परतला तर तेच औषध पुन्हा लागू पडायची आशा कमी, जितका उशिरा परतेल तितकी ती जास्त.

२२ चे २६ झाले याला काही अर्थ नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. ३५पर्यंत नॉर्मल, त्याच्या आतली ती हालचाल. हा आकडा पोटातल्या टीबीनेही वाढतो. आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश-युरोपीय अभ्यासात नुसता आकडा वाढला म्हणून लवकर केमो सुरू केलेल्या बायका, त्रास जाणवेपर्यंत थांबलेल्या बायकांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. मी पंधरवड्याला टोचून घ्यायला लावत होतो ते तिच्यासाठी नव्हतं, स्वतःच्या धीरासाठी होतं. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. मला कळलं.

मग ही खरं विचारायचं ते बोलली. ‘संकष्टीला साबुदाणा खाल्ला, गौरीला पुरणपोळी खाल्ली. जाऊबाई म्हणतात साखरेने परत येतो.’ तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, ‘पुरणपोळीने परत आला असता तर मी आधीच नाही म्हटलं असतं. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.’ दोष शोधत बसलेला मी माझ्या खुर्चीत जरा मोकळा झालो.

ब्राका या जनुकाची तपासणी तुम्हीच सुचवलीत. हिच्या मावशीला स्तनाचा कॅन्सर होता हे आधीच्या सगळ्या फॉर्मांत लिहिलं होतं, पण फॉर्म भरून घेणारे ते वाचतातच असं नाही. रिपोर्टात ब्राका-१ मध्ये दोष निघाला. मला वाटलं, आणखी एक वाईट बातमी. तुम्ही समजावलंत की या दोषामुळे पेशीला स्वतःचा डीएनए दुरुस्त करायचा एक रस्ता बंद असतो, आणि ओलापॅरिबची गोळी दुसरा बंद करते, मग कॅन्सरची पेशी टिकत नाही. ज्या दोषाने आजार आणला त्याच्याच जोरावर औषध चालतं. कारखान्यात असा दोष मी कधी पाहिला नव्हता. सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू आहेत. अशक्तपणा येतो, हिमोग्लोबिन सांभाळावं लागतं, पण आजार लांबवायची ताकद त्यात आहे.

लेकीकडे हा दोष जायची शक्यता निम्मी, आणि मुलाकडेही तेवढीच. दोघांनी तपासणी केली. त्यांचे रिपोर्ट त्यांचे, इथे लिहीत नाही.

ऑपरेशननंतर हिला घरी आणताना एक रिक्षावाला भेटला होता. प्रत्येक गतिरोधकापाशी मागे वळून ‘हळू घेतो, आजी’ म्हणायचा. पुण्यात, मीटरप्रमाणे, आणि सुट्टे पैसे परत. त्याला कुणी शिकवलं असेल? मोठ्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर सोनेरी अक्षरांत डिग्र्यांची अख्खी ओळ आहे, आणि माणसाशी कसं बोलावं हे रिक्षात बसून कळतं. असो. वय झालं की असं होतं, विषय सोडून बोललं जातं.

घरी काय चालू आहे ते सांगतो. त्या संध्याकाळी ही रडली, तासभर. मग म्हणाली, ‘मला वेडी समजलात का इतके महिने?’ दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लॉकरची किल्ली कुठे आहे, भिशीचे कुणाकडे किती राहिलेत, लेकीला कुठल्या पाटल्या द्यायच्या, हे सगळं तिने मला बसवून सांगितलं. मग मस्त आल्याचा चहा केला.

वही आता तिच्याकडे असते. माझे आलेख तिने खाली ठेवलेत. वरच्या पानावर तिच्या अक्षरात: ‘सोमवार. दीड भाकरी, पिठलं. पोट ठीक. सारसबागेपर्यंत चालले, येताना बस.’ पोट फुगलं किंवा जेवण कमी झालं तर आधी ती लिहिते, मग मला सांगते.

पुढच्या मंगळवारी तारीख आहे. वही घेऊन तीच आत येईल. मला बाहेर बसायला सांगितलंत तरी चालेल.

तुमचा,
वहीवाला काका