खुले पत्र : टाकळ्याला दीड महिना उभं राहू द्या

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या कितीतरी उद्यानांत फुलं भरपूर आहेत. फुलपाखरं येतात, मध पितात आणि निघून जातात. अंडी घालायला तिथे जागाच नसते. अळीला ठरावीक झाडाचंच पान लागतं, आणि नेमकं ते झाड तण म्हणून उपटलं जातं.

टाकळ्याचंच बघा. पहिल्या पावसात तो कुंपणाच्या कडेने उगवतो. आपण त्याची भाजी करतो. ग्रास यलो आणि मॉटल्ड एमिग्रंट ही फुलपाखरं त्याच्या पानांवर अंडी घालतात. अंडं 3-4 दिवस, अळी साधारण दोन आठवडे, कोष आठवडाभर, म्हणजे जवळपास महिना झाला. दर पंधरा दिवसांनी ब्रश कटर फिरला, तर अर्धी वाढलेली अळी पाल्यासकट कचऱ्याच्या गाडीत जाते. असाच अख्खा पावसाळा जातो.

म्हणून प्रत्येक उद्यानात उन्हाच्या बाजूला 10 मीटर लांब, 2 मीटर रुंद पट्टा जून ते ऑक्टोबर राखून ठेवावा. कापणं भागच असेल तर आधी अर्धा कापावा, उरलेला सहा आठवड्यांनी. कापलेला पाला तीन दिवस तिथेच पडू द्यावा, म्हणजे अळ्या उभ्या झाडांवर सरकतात. ही अट निविदेतच हवी. साफ केलेल्या जागेवर बिल निघत असेल, तर कंत्राटदार पट्टा का राखेल?

पट्ट्यालगत चार कढीपत्ते, दोन लिंबं, दोन रुई आणि दहा-बारा पानफुटी लावाव्यात. ब्लू मॉर्मन 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे, त्याच्या अळ्या लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. लिंबाची कोवळी पालवी उलटून पाहिली तर राजगिऱ्याच्या दाण्याएवढं पिवळसर अंडं सापडतं. लाइम बटरफ्लायची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माळ्यांना हे एकदा प्रत्यक्ष दाखवायला हवं, नाहीतर कीड म्हणून औषध मारलं जातं. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवर आधीच फवारणी झालेली असली तरी अळ्या मरतात. रोपं घेतानाच ते विचारावं.

डासांसाठीची धूरफवारणी लागते, हे मान्य. पण संध्याकाळी फुलपाखरं झुडपांत विसावलेली असतात. धूर गटारांकडे आणि इमारतींकडे ठेवावा, पट्ट्यावर नको. पेव्हर ब्लॉक बसवताना दोन चौरस मीटर उघडी, कोरडी माती सोडावी. एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या जमिनीतच घरटं करतात.

पट्ट्याचा उपयोग होतोय का, हे मोजता येतं. आठवड्यातून एकदा, उघडीप असताना, सकाळी 9 ते 11 मध्ये ठरलेल्या वाटेवरून सावकाश चालावं. दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्यातलीच फुलपाखरं मोजावीत. मिटलेल्या पंखांचा फोटो जरूर घ्यावा; ग्रास यलो आणि छोटी निळी फुलपाखरं पंखांच्या खालच्या बाजूवरूनच ओळखू येतात.

पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनाही कळवावं, की पट्ट्यातली पानं कुरतडलेली दिसली तर माळ्याला जाब विचारू नये. ती खाल्ली जावीत म्हणूनच लावलेली आहेत.

आपले,
मुंबईतील फुलपाखरू व कीटक निरीक्षक